होडीची कोरड

कामठ्याहून समुद्र पाहायला निघायचं तर आधी गोंदिया गाठायचं, तिथून विदर्भ एक्सप्रेस धरायची आणि रात्र काढून मुंबईला उतरायचं. हजारेक किलोमीटरांचा रस्ता. गंमत अशी, की गाडी पश्चिमेला जाते आणि पाणी पूर्वेला. कामठ्याच्या शिवारात पडलेलं पाणी वैनगंगेला मिळतं, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आमच्यावर बरसणारे ढगसुद्धा पुष्कळदा त्याच बाजूचे. अरबी समुद्राशी या गावाचं नातं सांगायचं तर ते नकाशावर ओढूनताणूनच दाखवावं लागेल.

तरीही शिडाच्या होड्यांविषयी कामठ्यात बसून लिहिण्यात एक सोय आहे. कोकणातला माणूस होडीकडे समुद्राच्या बाजूनं पाहतो. इथं समुद्र नाही, म्हणून होडीच नीट दिसते. इथं होडी म्हणजे डोंगा. एका खोडातून कोरलेला किंवा फळ्या जोडून केलेला, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी पत्र्याचा. त्याला ना शीड, ना डोलकाठी. बांबू टेकवत, वल्हवत तलावात फिरायचं, जाळं टाकायचं, ओढायचं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी उतार पाहून पाळी घातल्या, पाणी सोडायचे तुडुम बसवले, धानाला पाणी दिलं. त्या पाण्यावर मासेमार ढिवरांचा डोंगा चालला. तलाव सिंचनाचा आणि मासळी ढिवरांची, हा व्यवहार मालगुजारी गेली तरी सहकारी संस्थांच्या रूपानं टिकून आहे.

या डोंग्याचं वर्ष कोकणातल्या होडीच्या बरोबर उलट चालतं. उन्हाळ्यात उथळ तलाव आणि बोड्या आटतात, कडेचा चिखल भेगाळतो आणि डोंगा पाळीजवळ पडून राहतो. मृगाचा, आर्द्राचा पाऊस पडला, तलाव भरू लागले, की त्याचे दिवस येतात. रोवणीची घाई आणि मत्स्यबीज सोडण्याची घाई एकाच वेळी. कोकणात त्याच पावसाच्या धाकानं होड्या वर ओढलेल्या असतात. एकाच राज्यात, एकाच मोसमात, एका टोकाला पाऊस नाव पाण्यात घालतो आणि दुसऱ्या टोकाला पाण्यातून काढतो. थंड मुलखांत होडी पाण्यात घालण्याचं काम वसंतात होतं, कारण तिथं तळी आणि बंदरं गोठतात. हिवाळाभर होड्या ताडपत्रीखाली उभ्या असतात आणि बर्फ वितळलं की रंगाचे डबे उघडतात. आपल्याकडे बर्फाच्या जागी पाऊस आहे. म्हणून आपल्या दर्यावरचा वसंत श्रावणात येतो.

आणि दोन्ही टोकांना, कामठ्यात काय आणि कोकणात हर्णैला काय, पाण्यात उतरण्याआधी निस्तरावं लागतं ते एकच: लाकडाची कोरड.

पाण्यावर राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण काठावर राहणाऱ्याला ते पटत नाही. आपल्याला वाटतं, लाकडाचा शत्रू पाणी. होडीपुरतं हे जवळजवळ उलटं आहे. पाण्यात असलेली फळी फुगलेली असते आणि शेजारच्या फळीला घट्ट दाबून बसते. तीच होडी दोन महिने वाऱ्याउन्हात पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, त्यांत ठासलेला कापूस सैल होतो. आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली की चाक तलावात बुडवून ठेवायची रीत होती. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि धाव आपोआप आवळली जाते. होडीचं शास्त्र त्याहून निराळं नाही. फरक एवढाच, की चाक सैल राहिलं तर गाडी बांधावर थांबते.

म्हणून कोकणात होडी वर काढतानाच पुढच्या उतरणीची तयारी सुरू होते. नुसती ओढून ठेवायची नाही, शाकारायची. नारळाच्या झापांचं किंवा आता प्लास्टिकच्या कापडाचं छप्पर तिच्यावर घालायचं. पाऊस आत साचू नये हे एक कारण, आणि पावसाच्या उघडिपीत पडणारं कडक ऊन फळ्यांना लागू नये हे दुसरं. पहिलं सगळ्यांना दिसतं. दुसरं मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

मग श्रावणात खरं काम सुरू होतं. आधी बूड खरवडायचं. पाण्याखालच्या भागावर कालवं, शिंपल्या आणि शेवाळ चिकटलेलं असतं, ते होडीचा वेग खातं. त्यानंतर शेक. बुडाखाली सुक्या झावळ्यांचा जाळ करून लाकूड बेतानं तापवायची जुनी पद्धत. ती लाकूड पोखरणाऱ्या जिवासाठी. टेरेडो त्याचं नाव. त्याला किडा म्हणतात, पण तो खरं तर शिंपल्याच्या जातीचा, लांबुळका, आणि आतून फळीची चाळण करतो. बाहेरून भोक टाचणीएवढं दिसतं. खारं पाणी हे त्याचं घर. कामठ्याच्या डोंग्याला हा जीव माहीत नाही. गोड्या पाण्याची एवढी एक कृपा.

शेकानंतर सांधे. सैल झालेला जुना कापूस उकरून काढायचा, नव्या कापसाची वात वळायची आणि बोथट छिन्नी-हातोडीनं फटीत ठासायची. यात हाताचा अंदाज सगळ्यात मोठा. कमी ठासलं तर पाणी आत येतं. जास्त ठासलं तर पाण्यात गेल्यावर फळी फुगते, तिला जागा उरत नाही आणि खिळेच उपटतात. म्हणजे कारागिराला आज समोर असलेली फट भरायची नसते. आठ दिवसांनी ती केवढी असेल, त्या मापानं भरायची असते. वरून राळ आणि तेल. बुडाला चुना आणि तेलाचा लेप, त्यात पुष्कळदा मासळीचं तेल, ज्याचा वास धुतला तरी जात नाही. मग शीड उलगडून पाहायचं, कुठं विरलं आहे, कुठं उंदरानं कुरतडलं आहे. दोर हातातून ओढून तपासायचे, कारण कुजलेला दोर डोळ्याला धडधाकट दिसतो. डोलकाठी, सुकाणू, नांगर, सगळ्यांवर एकदा हात फिरला पाहिजे.

एवढं करूनही पाण्यात घातलेली लाकडी होडी पहिले काही दिवस गळते. नवख्याला धडकी भरते. जाणता तांडेल पाणी उपसत राहतो आणि वाट पाहतो. फळ्या पाणी पितात, सांधे मिटत जातात, गळणं थांबतं. थांबलं नाही तर होडी परत वर.

आता होडी पाण्यात घालायचा दिवस, नारळी पौर्णिमा. तिचं श्रद्धेचं अंग सर्वांना ठाऊक आहे. दर्याला नारळ, कोळीवाड्यांतल्या मिरवणुका, रंगवलेल्या होड्या. पण ती पौर्णिमा आहे, याकडे जमिनीवरच्या माणसाचं लक्ष जात नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला समुद्राला उधाण असतं. भरतीचं पाणी रोजच्यापेक्षा वर चढतं. मुंबईत अशी मोठी भरती साडेचार मीटरांच्याही वर जाते, आणि ती दुपारी बारा-एकच्या आसपास येते. पावसाळ्यात महापालिकेच्या सूचनांमुळे मुंबईकराला हे वेळापत्रक पाठ झालेलं आहे. पावसाआधी उधाण साधून जी होडी शक्य तितकी वर ओढली, तिच्यापर्यंत पाणी पुन्हा पोचायला तेवढंच उधाण लागतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी भरतीला, ते पोचत नाही. ओंडक्यांवरून ढकलत न्यायचं अंतर पौर्णिमेला सगळ्यात कमी, आणि वेळ भरदुपारची. सण आधी की सोय आधी, हे मी सांगणार नाही. पण ज्यानं दिवस निवडला त्याला भरती कळत होती, एवढं नक्की.

सरकारी दिनदर्शिका थोडी वेगळी आहे. यांत्रिक नौकांना महाराष्ट्राच्या पाण्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते. हे दिवस माशांच्या विणीचे आणि खवळलेल्या समुद्राचेही. पौर्णिमा कधी ऑगस्टच्या सुरुवातीला येते, कधी अखेरीला. मग ऑगस्ट उजाडताच काही बंदरांतून ट्रॉलर सुटतात आणि जुनी माणसं नारळ पडण्याची वाट पाहत कुरकुरतात. मासळीच्या बाजारापुढे ती कुरकुर फार टिकत नाही.

पावसाळ्यात गलबतं कशी ठेवावीत याविषयी मराठीत चांगला जुना मजकूर आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ. पंतांना समुद्राइतकीच माणसांचीही जाण होती. पावसाळा लागण्याच्या आधीच, काही दिवस राखून, आरमार छावणीला आणावं. बंदर किल्ल्याच्या आश्रयाचं पाहावं. पण दरसाल एकाच बंदरात छावणी करू नये, कारण रिकाम्या बसलेल्या दर्यावर्दी लोकांचा आसपासच्या गावांना उपद्रव होतो, आणि तोच तो मुलूख दरवर्षी सोसणार नाही. होडी सुकते तशी माणसंही बसून बिघडतात, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. लाकडाबद्दलही त्यांची सूचना आहे. आंबा-फणसाची लाकडं आरमाराच्या कामाची खरी, पण ती रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली झाडं. त्यांना सरसकट हात लावायचा नाही. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच तर धन्याला राजी करून, मोल देऊन. आज विकासकामाच्या आड येणाऱ्या झाडांचे जे निर्णय होतात, ते घेणाऱ्यांनी हे पान एकदा वाचायला हरकत नाही.

मोठी जहाजं ओंडक्यांवरून वाळूत ओढता येत नाहीत. त्यांच्यासाठी विजयदुर्गाजवळ, वाघोटणच्या खाडीत गिर्ये इथं आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे. खडक खोदून, दगड बांधून केलेली. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला पाणी उतरू द्यायचं, म्हणजे बूड कामाला मोकळं. भरती-ओहोटी हेच त्या गोदीचं यंत्र. पुढे मुंबईत वाडियांच्या गोदीत हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं. सुरतेहून 1736 मध्ये आलेल्या लवजी नसरवानजींच्या वंशजांनी तिथं ब्रिटिश नौदलासाठी सागवानाची जहाजं बांधली. त्यांतलं एचएमएस ट्रिंकोमली 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलं. पावसाळा संपलेला, समुद्र निवळलेला. त्यानंतर महिनाही गेला नाही तोच खडकीची लढाई झाली आणि पेशवाई आटोपत आली. त्याच नोव्हेंबरात सीताबर्डीला नागपूरकर भोसल्यांचंही राज्य हललं, आणि भोसल्यांच्या मुलखात कामठ्याची जमीनदारी होती. ती राज्यं गेली. ते सागवान इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे.

सांध्याची सगळ्यात नाट्यमय गोष्ट घडली ती मुंबईतच बांधलेल्या एका शिडाच्या नौकेच्या बाबतीत. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा तरुण इंग्रज अधिकारी. त्यानं 1963-64 मध्ये मुंबईत सागवानाची बत्तीस फुटी, दोन डोलकाठ्यांची नौका बांधून घेतली. नाव ‘सुहेली’. तासणीनं लाकूड तासणाऱ्या, दोरीच्या सामत्यानं भोकं पाडणाऱ्या इथल्या सुतारांनी ती उभी केली. 1965 च्या डिसेंबरात तिनं मुंबई सोडली आणि पुढे ती इंग्लंडला पोचली. 14 जून 1968 रोजी नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकटा, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. ‘संडे टाइम्स’च्या त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पुरी केली ती त्यानं एकट्यानं, 22 एप्रिल 1969 रोजी. अशा तऱ्हेची जगातली ती पहिली प्रदक्षिणा.

पण ती अटलांटिकमध्येच संपायची होती. नौका गळू लागली. पाण्याच्या रेषेखाली पाचेक फुटांवर, कण्याजवळच्या फळीचा सांधा उघडला होता. भर समुद्रात वर काढायची सोय नाही. मग हा गडी कापूस आणि हातोडी घेऊन पाण्यात उतरला, श्वास धरून बुडी मारायची, चार ठोके हाणायचे, वर यायचं. कापूस टिकेना. तो बाहेर आला, कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, डांबर फासलं, तांब्याचे बारीक खिळे आधीच खोचून ठेवले आणि पुन्हा बुड्या मारून ती पट्टी सांध्यावर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्याला बंदुकीनं उडवावं लागलं. किनाऱ्यावर दोन माणसांनी सावलीत बसून एका सकाळीत उरकायचं काम ते.

या नॉक्स-जॉन्स्टनशी आपल्याकडचा एक धागा जुळतो. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्यानं प्रदक्षिणा करायचं ठरवलं, तेव्हा शिकण्यासाठी ते त्यांच्याकडे गेले, एका शर्यतीत किनाऱ्यावरच्या पथकात राबले. मग गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘म्हादेई’ बांधली गेली. लाकडी गाभा, बाहेरून फायबर. फेब्रुवारी 2009 मध्ये ती नौदलाकडे आली आणि 19 ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले. नारळी पौर्णिमा होऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. एवढ्या लवकर, पाऊस पुरता सरायच्या आत निघायचं कारण दक्षिणेकडे होतं. दक्षिण अमेरिकेचं टोक, केप हॉर्न, तिथल्या उन्हाळ्यातच ओलांडायला हवं होतं. वाटेत चार बंदरं घेत ते 19 मे 2010 रोजी परतले, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर. एकट्यानं शिडाच्या नौकेतून जग फिरणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी नोव्हेंबर 2012 मध्ये निघाले आणि न थांबता पाच महिन्यांत मार्चअखेर परत आले. दिवाडीलाच झालेल्या ‘तारिणी’मधून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी 10 सप्टेंबर 2017 रोजी निघून 21 मे 2018 रोजी परतल्या. तारखा एकाखाली एक मांडून पाहाव्या. उपग्रहानं वाट दाखवणाऱ्या या नौका. तरी घरच्या किनाऱ्यावरून निघणं आणि परतणं, दोन्ही कोळ्याच्या पंचांगात बसतं.

फायबरच्या नौकेला कोरड लागत नाही. तिची तयारी निराळी. डोलकाठीला धरणाऱ्या पोलादी तारांचं एकेक टोक भिंगानं तपासायचं, कारण तुटते ती नेहमी टोकाशी, जिथं तार आवळलेली असते. बुडातल्या झडपा उघडून-मिटून पाहायच्या. झिजण्यासाठीच लावलेले जस्ताचे तुकडे बदलायचे, ते झिजले की त्यांच्याऐवजी पंखा आणि त्याचा दांडा झिजू लागतो. कालवं चिकटू नयेत म्हणून बुडाला तांबेयुक्त रंग. याच कामासाठी पूर्वी कथिलाचं एक संयुग घातलेला रंग वापरत. त्यानं शिंपल्या-गोगलगायींच्या पुढच्या पिढ्याच बिघडू लागल्या, तेव्हा आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. तो 2008 पासून लागू आहे.

मासेमारीच्या होड्यांतही फायबर शिरलं आहे, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. राळ उकळण्यात आणि मासळीच्या तेलात हात बरबटण्यात काव्य आहे ते लिहिणाऱ्याला. दोन महिने कमाई बंद असलेल्या घराला हलकी, कमी दुरुस्तीची होडी परवडते. आमच्या तलावांवर पत्र्याचा डोंगा आला तो याच हिशेबानं. गंजला की ठिगळ, नाहीतर डांबर, विषय संपला. मात्र लाकूड गेलं की सांधा गेला, आणि सांधा गेला की तो मिटवणारा हातही गेला. हे नुकसान लगेच दिसत नाही. दिसलं ते अगदी अलीकडे, एका विलक्षण जहाजाच्या वेळी.

अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. शिडांचं, बाजूला वल्ह्यासारखी सुकाणी असलेलं. त्या चित्रावरून खरं जहाज बांधायचं असं ठरलं. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै 2023 मध्ये करार झाला. अट अशी, की फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, काथ्याच्या दोरानं शिवायच्या. नौदल आणि आयआयटी मद्रास यांनी गणितं केली, प्रारूपांच्या चाचण्या झाल्या, कारण चित्रकारानं काही नकाशा काढून ठेवलेला नव्हता. पण टाका घालणार कोण? त्यासाठी केरळहून बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर आणावे लागले. त्यांनी दोर ओवून फळ्या आवळल्या, सांध्यांत नारळाचा काथ्या भरला, राळेनं बंद केला. फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज पाण्यात उतरलं, मे महिन्यात कारवारला ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावानं नौदलात दाखल झालं. पावसाळा त्यानं बंदरात काढला. 29 डिसेंबर 2025 रोजी, ईशान्येचे वारे धरून, ते पोरबंदरहून मस्कतला निघालं आणि जानेवारीत तिथं पोचलं.

चित्र आपल्या अजिंठ्यातलं, बांधणी शेजारच्या गोव्यातली. टाका घालणारे हात तेवढे केरळातून बोलवावे लागले.